अकोल्याचा मे महिना आणि ९५ अंशांवर अडकलेला प्रोसेसर

मावसभावाचा फोन आला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. "दादा, मशीन बंदच पडून राहिली. एक्स्पोर्ट लावला का अर्ध्या-पाऊण तासात गप. सीपीयू जळला असन का?" सोबत व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा फोटो. त्यात लाल अक्षरांत ९५.

तो अकोल्यात लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. एक्स्पोर्ट म्हणजे एडिट झालेल्या व्हिडिओची अखेरची फाइल बनवणं, मशीनला सगळ्यात जड काम तेच. एप्रिल-मे म्हणजे त्याचा सुगीचा काळ, आणि नेमका तोच तिथे उन्हाचाही. २०२४ च्या मे महिन्याची ही गोष्ट. त्या महिन्याच्या अखेरीस जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हामुळे अकोल्यात कलम १४४ लावलं होतं, खासगी शिकवण्या सकाळी १० च्या आत आणि संध्याकाळी ५ नंतरच घ्या म्हणून सांगितलं होतं. पोरांना दुपारची सुट्टी मिळाली. या मशीनला मात्र भर दुपारी दीड-दीड तासाचे लग्नसोहळे एक्स्पोर्ट करायचे होते.

मशीन मीच जोडून दिलेलं. प्रोसेसर, म्हणजेच सीपीयू, एएमडी कंपनीचा रायझन ५ ३६००, सहा कोअर, बारा थ्रेड, डब्यावर ६५ वॅट लिहिलेलं. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी धातूची पाती आणि त्यावरचा फॅन, डब्यातूनच मिळालेला, बुटका, वरून खाली हवा मारणारा. कॅबिनेट त्याने निवडलेलं. पुढून अख्खी काच, काचेमागे रंगीत दिवे लावलेले तीन फॅन, मागे एक. एसएमपीएस (घरातली वीज मशीनला लागेल तशी करून देणारा भाग) खालच्या कप्प्यात, फॅन जमिनीकडे तोंड करून. २०२१ च्या डिसेंबरात मशीन सुरू केलं तेव्हा मी एक चांगलं काम केलं होतं, जे पुढे फार उपयोगी पडलं. त्याच्याच एका लग्नाचा तुकडा चाचणीसाठी बाजूला ठेवून तो एक्स्पोर्ट केला आणि वहीत लिहिलं: खोली २१, प्रोसेसर ७६, ८० वॅट, ४१ मिनिटं.

त्या आठवड्याच्या शेवटी मी तसाही अकोल्याला जाणार होतो, घरात लग्न होतं. ब्लोअर, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावायच्या पेस्टची नळी, स्क्रूड्रायव्हर आणि शंभर-दीडशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर बॅगेत टाकला. थर्मामीटर पाहून बायको म्हणाली, हा कशाला? सगळ्यात जास्त कामाला तोच आला.

९५ म्हणजे काय, आणि काय नाही

आधी या आकड्याबद्दल. ३६०० साठी एएमडीने दिलेली कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सियस आहे. चिप तिथपर्यंत पोचली की स्वतःच आपला वेग आणि व्होल्टेज कमी करते, म्हणजे वॅट कमी होतात, म्हणजे तापमान तिथेच थांबतं. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत ही मर्यादा १०० असते. रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर तर पूर्ण कामाच्या वेळी मुद्दाम ९५ पर्यंत जाऊन तिथेच राहतील असेच बनवले आहेत. तेव्हा "९५ झालं, जळलं" हे गणित चालत नाही.

ही भीती जुन्या काळची आहे. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटने चालू मशीनवरचा हीटसिंक काढून पाहिला होता. तेव्हाचा एएमडीचा ॲथलॉन धूर काढून मेला आणि इंटेलचा पेंटियम ४ नुसता मंदावला. त्याला दोन दशकं उलटून गेली. आता सगळेच मंदावतात, आणि त्यातही भागलं नाही तर मर्यादेच्या बऱ्याच वर गेल्यावर वीज तोडून बंद होतात.

म्हणून भावाच्या तक्रारीत मला एक गोष्ट पहिल्यापासून खटकत होती. मशीन मंद होतं हे समजण्यासारखं होतं. पण मंद होणारं मशीन बंद का पडावं? जो प्रोसेसर ९५ वर स्वतःला आवरून धरतोय, त्याला बंद पडायचं कारणच उरत नाही.

सतरंजी

घरी पोचलो, पाणी प्यायलो आणि टेबलाखाली वाकलो. खोलीत खिडकीतला मोठा कूलर घरघरत होता. (विदर्भात कूलर म्हणजे हाच, गवताच्या ताट्यांवर पाणी सोडून ओली हवा फेकणारा. प्रोसेसरवरच्या वस्तूला म्हणून मी इथे हीटसिंकच म्हणतो.) कूलरचं तोंड सरळ कॅबिनेटवर रोखलेलं. "मशीनले बी थंडी लागली पायजे ना," भाऊ म्हणाला.

तापमान आणि वॅट दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर उघडलं, फक्त सेन्सर दाखवण्याचा पर्याय घेतला आणि दर दोन सेकंदांनी नोंद फाइलमध्ये उतरत राहील असं लावलं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं दिसत नाही, त्यामुळे असं काहीतरी लागतंच. लिनक्सवर असाल तर टर्मिनलमध्ये सेन्सर्स ही आज्ञा पुरते. मग कूलर बंद केला, चाचणीचा तुकडा एक्स्पोर्टला लावला आणि थर्मामीटर टेबलाखाली, कॅबिनेटच्या तोंडाशी ठेवला.

भिंतीवरच्या घड्याळात खोलीचं तापमान ३५ दाखवत होतं. टेबलाखाली ३८. हे तीन अंश तिथेच, मशीनच्या मागे पडदा आणि भिंत यांच्या कोपऱ्यात, कोंडलेल्या गरम हवेचे. प्रोसेसरला भिंतीवरची हवा मिळत नाही, टेबलाखालची मिळते. तेव्हा थर्मामीटर तिथेच हवा.

अठ्ठेचाळीस मिनिटांनी एक्स्पोर्ट संपला. डिसेंबरातल्या ४१ च्या जागी ४८. शेवटच्या दहा मिनिटांची सरासरी: ९५ अंश, ५० वॅट. लगेच दुसरा लावला. तेविसाव्या मिनिटाला खट् आवाज झाला आणि स्क्रीन काळी. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. दहा-बारा मिनिटांनी दाबलं तर जसं काही झालंच नव्हतं तसं सुरू झालं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ची नोंद होती. लोक या ४१ चे नाना अर्थ लावतात. त्याचा अर्थ एवढाच, की मशीन रीतसर बंद न होता बंद झालं. का, ते त्यात लिहिलेलं नसतं. आपल्या नोंदींच्या फाइलमध्ये मात्र लिहिलेलं होतं. शेवटच्या ओळीत ९५. त्याच्या आधीच्या ओळीत ९५. मागे मागे जात राहिलो, वीस मिनिटं ९५ च. वॅटही तेवढेच. बंद पडण्याआधी प्रोसेसरच्या बाजूने काहीच चढलं नव्हतं, काहीच बदललं नव्हतं. भिंतीवरची लाइटही गेलेली नव्हती.

मग हात मागे नेला. एसएमपीएसच्या जाळीतून येणाऱ्या हवेवर तळहात धरवेना. आणि कॅबिनेट कशावर उभं होतं? चार पदरी घडी घातलेल्या सतरंजीवर. फरशी पुसताना पाणी डब्यात जाऊ नये म्हणून मावशीने मायेने घातलेली. कॅबिनेटचे पाय सतरंजीत रुतलेले, आणि एसएमपीएसचा हवा ओढणारा फॅन बरोबर तिच्यावर. खालची गाळणी ओढून काढली तर ती बाहेरच येईना. आली तेव्हा तिच्यावर बोटाच्या पेरभर जाडीचा थर, राखाडी, मऊ, गोधडीसारखा एका तुकड्यात निघणारा. अकोला कापसाचं गाव. जिनिंग जवळ असेल तर हवेत बारीक तंतू तरंगतच असतात, आणि ते साध्या धुळीसारखे भुरभुरत नाहीत, एकमेकांत अडकून नमदा बनतात.

तर बंद पडणारा होता एसएमपीएस. बऱ्या एसएमपीएसमध्ये अतितापमानाचं संरक्षण असतं, तो फार तापला की वीज तोडतो आणि निवल्याशिवाय परत चालू होत नाही. म्हणून ती दहा-बारा मिनिटं बटण मुकं. पण त्याचा सेन्सर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये दिसत नव्हता. ज्याचं तापमान दिसतं त्याच्यावरच संशय जातो. प्रोसेसरचा आकडा लाल अक्षरांत समोर होता म्हणून सगळं बिल त्याच्या नावावर फाटलं.

भावाची एक जुनी तक्रार इथे सुटली. त्याचं म्हणणं, लाइट गेली की हमखास बंद पडते, इन्व्हर्टरच खराब आहे. इन्व्हर्टरवर मशीन चालायचं, कूलर नाही. लाइट गेली की मशीनचं काम तसंच चालू आणि खोलीची हवा मात्र पंधरा मिनिटांत चढायला लागायची. इन्व्हर्टरचा दोष नव्हता, तो फक्त बिचाऱ्या मशीनला उन्हात काम करायला लावत होता.

सतरंजी काढली, गाळणी धुतली, कॅबिनेट जेवणाच्या जुन्या पाटावर ठेवलं. पाण्यापासून वर, आणि तळाखाली कडक सपाट लाकूड. कॅबिनेटच्या पायांमुळे जी बोटभर फट मिळायला हवी ती मिळाली. सलग दोन तास एक्स्पोर्ट चालवला, कूलर बंद ठेवून. पडलं नाही. एसएमपीएसच्या आत मी ब्लोअर बाहेरून मारला, तो खोलला नाही. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर चार्ज धरून असतात, तिथे हौस करू नये.

इथवर अर्धं प्रकरण झालं. मंदपणा राहिलाच होता.

वॅटमागे किती अंश

डिसेंबरात ७६, मे महिन्यात ९५. कोणीही म्हणेल ऊन आहे, होणारच. मीही आधी तेच म्हणत होतो. पण नुसते हे दोन आकडे एकमेकांसमोर ठेवून काहीच कळत नाही, कारण दोन्ही वेळी खोली वेगळी आणि प्रोसेसर खात असलेली वीजही वेगळी.

म्हणून आधी खोली वजा करायची. डिसेंबर: ७६ वजा २१, म्हणजे ५५. मे: ९५ वजा ३८, म्हणजे ५७. वरवर पाहता काहीच बिघडलेलं नाही, दोनच अंशांचा फरक! इथेच फसायला होतं. डिसेंबरात ते ५५ अंश ८० वॅट खाऊन चढले होते, मे महिन्यातले ५७ अंश ५० वॅटमध्येच. भागाकार करा. डिसेंबरात एका वॅटमागे ०.६९ अंश, मे महिन्यात १.१४. हीटसिंकची उष्णता बाहेर टाकायची ताकद जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटलेली होती आणि तो घाटा प्रोसेसर स्वतःचा वेग कापून भरून काढत होता.

या एका भागाकाराने उन्हाचा वाटा आणि मशीनचा वाटा वेगळा होतो. मशीन डिसेंबरासारखंच ठणठणीत असतं, तर ३८ अंशांच्या हवेत ८० वॅट खाऊन ते ९३ वर गेलं असतं. म्हणजे मर्यादेच्या आतच, पण जेमतेम. ऊन खरंच दोषी होतं, सतरा अंशांपुरतं. बाकीचं आपलं.

एक सावधगिरी. मदरबोर्ड प्रोसेसरचे वॅट मोजतो तेव्हा सगळे बोर्ड खरं बोलतात असं नाही, काही कमी दाखवतात. त्यामुळे हा भागाकार शेजाऱ्याच्या मशीनशी ताडून पाहू नका. आपल्याच मशीनच्या आधीच्या आकड्याशी पाहा, चूक असली तरी दोन्हीकडे सारखीच असते. आणि क्षणाचा आकडा घेऊ नका. रायझन रिकामा बसलेला असतानाही एक फोल्डर उघडलं की तापमान दहा-बारा अंश उडी मारून खाली येतं. ते त्याच्या स्वभावातच आहे. पूर्ण कामाच्या दहा मिनिटांची सरासरी घ्यावी. बोर्डावरचा एखादा सेन्सर १२० च्या वर काहीतरी अचाट दाखवत असेल तर बहुधा त्या जागी सेन्सर जोडलेलाच नसतो, त्याच्याकडे दुर्लक्ष करावं.

आता एकेक गोष्ट बदलायची आणि दरवेळी तोच तुकडा एक्स्पोर्ट करायचा. भावाला हे पटेना. "सगळं एकाच टायमाले करून टाक ना दादा, कायले वेळ लावून राहिला?" वेळ लागतो हे खरं. पण सगळं एकदम केलं की कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या मे महिन्यात परत सगळंच करावं लागतं.

पहिली गोष्ट धूळ. कॅबिनेट ओट्यावर आणलं. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवली. हवेच्या झोताने फॅन भन्नाट फिरायला लागला की मजा वाटते, पण बेअरिंगची वाट लागते. हीटसिंकच्या पात्यांच्या वरच्या तोंडाशी तोच कापसाचा नमदा होता, फॅनच्या खाली लपलेला, वरून पाहिलं तर दिसणारही नाही असा. आणि त्यावर एक पांढरट खरखरीत पुट. कॅबिनेटवर रोखलेला कूलर हवेबरोबर बारीक तुषारही फेकत होता, आणि तिथल्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार धुळीत बसून तिला लिंपत होते.

दमट हवेने आत पाणी जमेल ही भीती बहुतेकांना असते. ती तशी खरी नाही. वाफ थंड पृष्ठभागावर जमते, चालू मशीनचे भाग खोलीपेक्षा गरमच असतात. त्रास वाफेचा नाही, तुषारांचा. कूलर असू द्या, त्याच्यामुळे खोलीची हवा सहा-सात अंश उतरते ती मशीनच्याही कामाची. फक्त मशीन त्याच्या झोतात नको, समोरची खिडकी उघडी हवी.

धूळ गेली आणि परत मोजलं. हवा ३६, प्रोसेसर अजूनही ९५ वरच, पण आता ७३ वॅट खाऊन. भागाकार ०.८१. आकडा हललाच नाही म्हणून भाऊ नाराज, आणि मी मात्र खूश. ५० वॅटवरून ७३ वर गेला होता गडी.

दुसरी गोष्ट काच. मावशीच्या देवघरातून उदबत्ती आणली. मशीन चालू ठेवून तिचा धूर कॅबिनेटच्या पुढच्या कडेला धरला. काचेच्या बाजूला जी बोटभर फट आहे तिथे धूर थोडा आत वळायचा, थोडा घोटाळायचा, आणि वरच्या टोकाला तर चक्क बाहेर येत होता. तीन फॅन काचेमागे घुसमटून तीच ती हवा फिरवत होते. काच काढली आणि उदबत्ती परत धरली. धूर सरळ रेषेत आत ओढला गेला, मागच्या फॅनमधून बाहेर. (फॅन कुठल्या बाजूने हवा फेकतो हे कळत नसेल तर सोपं आहे. ज्या बाजूला मोटरला धरून ठेवणाऱ्या आडव्या काड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर जाते.) मोजलं: हवा ३६, प्रोसेसर ९२, ७७ वॅट. ०.७३. पहिल्यांदाच ९५ च्या खाली.

काच काढून ठेवायला भाऊ तयार नव्हता. लग्नाची गिऱ्हाइकं ऑफिसात बसतात, मशीन दिसायला पाहिजे. शेवटी मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा पुढच्या चौकटीवर ताणून डबल टेपने चिकटवला. कापूस तिथेच अडेल आणि रंगीत दिवे जाळीतून अजून छान दिसतात, हे मी त्याला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा पटलं.

तिसरी गोष्ट पेस्ट. खरं तर माझा हात पहिल्यांदा तिकडेच जात होता. मशीन तापलं की सगळे जण आधी पेस्ट बदलायचंच सांगतात. हीटसिंक काढताना मी जरा घाबरून असतो, कारण एएम४ सॉकेटमध्ये (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१, आणि वरून त्याला दाबून धरणारी चौकट नसते. पेस्ट वाळून चिकटली असेल आणि हीटसिंक सरळ वर ओढला, तर प्रोसेसर बंद खटक्यातूनही उपटून त्याच्याबरोबर येतो. एकदा माझ्याकडून आलेला आहे. कोपऱ्यातल्या चार पिना वाकल्या, शिसं काढलेल्या पेन-पेन्सिलीच्या टोकात एकेक पीन घालून सरळ करण्यात एक अख्खा रविवार गेला, श्वास रोखून.

म्हणून आता आधी दहा मिनिटं एक्स्पोर्ट चालवतो, पेस्ट मऊ होऊ देतो, मग बंद करून प्लग काढतो. चार स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे सैल करायचे. मग हीटसिंक वर न ओढता जागच्या जागी डावीकडे-उजवीकडे फिरवायचा, बरणीचं झाकण फिरवतो तसा. आधी हलत नाही, मग किंचित घसरतो, आणि मग च्यक् असा ओलसर आवाज येतो. तो आवाज आला की उचला. आला, एकटाच.

पेस्ट कडांना चुन्यासारखी वाळली होती, मधोमध अजून बरी होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. करोनापासून घरोघर पडलेलं सॅनिटायझर यासाठी वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं, थर राहतो. नवी पेस्ट मध्ये मटाराच्या दाण्याएवढी आणि चार कोपऱ्यांकडे ज्वारीच्या दाण्याएवढे चार ठिपके. कोपऱ्यांचं कारण असं, की या प्रोसेसरमध्ये खरी तापणारी चिप ७४ चौरस मिलिमीटरची आहे, करंगळीच्या नखाएवढी, आणि ती धातूच्या झाकणाच्या मधोमध नाही, एका बाजूला आहे. कडेला पेस्ट कमी पडली तर नेमकी तिलाच कमी पडते.

मोजलं: हवा ३५, प्रोसेसर ८९, ८० वॅट. ०.६८. डिसेंबरापाशी परत. पण जरा उतरंड पाहा. धुळीने १.१४ वरून ०.८१ केलं, काचेने ०.७३, आणि ज्या पेस्टचा सगळे जप करतात तिने ०.६८. पेस्ट आधी बदलली असती तर आकडा ९५ वरच आणि वॅट जेमतेम दोन-तीनच वाढलेले पाहून मी डोकं धरलं असतं.

दुपारसाठी थोडी जागा

आता मशीन नव्यासारखं होतं, आणि हिशेब सांगत होता की नव्यासारखं असूनही ४० च्या हवेत ते ९५ लाच टेकणार. डब्यातल्या हीटसिंकचा यात दोष नाही. रोजच्या कामाला आणि साध्या खोलीला तो पुरतो. ४० अंशांत सलग तीन तास एक्स्पोर्ट, हे त्याचं काम नव्हे. ६५ वॅटच्या या प्रोसेसरला कारखान्यातूनच ८८ वॅटपर्यंत खायची मुभा असते, हेही डब्यावरच्या ६५ वरून कळत नाही.

दोन रस्ते होते आणि आम्ही दोन्ही घेतले. दोन-अडीच हजारांचा उभा टॉवर हीटसिंक मागवला, चार तांब्याच्या नळ्या आणि १२० मिलिमीटरचा फॅन असलेला. तो हवा खाली बोर्डावर न मारता सरळ मागच्या फॅनकडे ढकलतो. मागवण्याआधी कॅबिनेटची रुंदी टेपने मोजली, बाजूची काच त्याला टेकली असती तर पंचाईत. तो बसवायला मी तिथे नव्हतो, भावाने व्हिडिओ कॉलवर बसवला, च्यक् आवाज मला पुण्यात ऐकवून. हवा ३७, ८० वॅट, ७७ अंश. ०.५०.

दुसरा रस्ता फुकटचा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) इको मोडचा, म्हणजे कमी वीज खायचा, ४५ वॅटचा पर्याय निवडला, त्याने प्रोसेसरची वरची मुभा ८८ वरून ६० वॅटवर येते. हवा ३८ असताना ६८ अंश, आणि तोच तुकडा ४४ मिनिटांत. पूर्ण ताकदीच्या ४१ पेक्षा तीन मिनिटं जास्त, आणि कोंडलेल्या मशीनच्या ४८ पेक्षा चार कमी. शेवटचे काही वॅट फार महागात पडतात, त्यांतून वेग थोडाच मिळतो आणि उष्णता भरपूर. नुसता इको मोड लावून आणि धूळ झाडूनही त्याचं भागलं असतं असं मला आता वाटतं. पण हीटसिंक येऊन पडला होता. आता दुपारी इको आणि रात्री पूर्ण ताकद, असं तो स्वतःच बदलत असतो.

थर्मामीटर मी परत आणला नाही. टेबलाच्या पायाला रबरबँडने बांधून ठेवला आणि वही मशीनवर.

पुढच्या जानेवारीत, ऐन लगीनसराईत, त्याचा परत मेसेज आला. फोटो नव्हता, एकच ओळ होती. "खोली २४, ८० वॅट, ७३. भागाकार ०.६१ येऊन राहिला." मी लिहायला घेतलं, जाळी बघ. पाठवायच्या आतच दुसरा आला. "जाळी धुतली. ०.५१."